डोळ्यांच्या कडेने पाहिलेला समुद्र

आक्कांनी पहिला प्रश्न विचारला तो मगरींचा.

“व्हय गं माधवी, त्या खाडीत मगरी असत्यात का?”

“नसतात, आक्का.”

“मग रातच्याला तिथं बघायचं तरी काय?”

सांगली माहेर असलेल्या बाईने हे विचारणं साहजिकच होतं. कृष्णेकाठी उभं राहिलं की आमची नजर आपोआप पाण्यावर तरंगणारा ओंडका शोधते, आणि तो खरंच ओंडका आहे ना याची खात्री करून घेते. शिवाय सांगलीकर होडीत बसतो तो महापुरात, आणि तेव्हा त्याच्या मांडीवर गॅसची शेगडी आणि पायाशी शेजाऱ्यांचं कुत्रं असतं. हौसेने, तेही अंधारात, होडीत बसायचं ही कल्पना आमच्याकडे कुणाला पटवून देणं अवघड.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. रहिमतपूरजवळच्या गावात त्यांची आल्याची आणि उसाची शेती आहे. दाजी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर आक्का जबलपूरपासून पठाणकोटपर्यंत फॅमिली क्वार्टरमध्ये राहिल्या, बर्फ बघितला, वाळवंट बघितलं. समुद्र मात्र राहिला होता.

माझा राहिला होता असं म्हणता येणार नाही. मी विश्रामबागेत राहते आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. मुलांच्या सहली घेऊन कोकणात कितीदा गेले, पण त्या सगळ्या दिवसाच्या. दरवर्षी फळ्यावर एक गोल काढायचे, त्याला एक शेपटी काढायची आणि सांगायचे, हा नॉक्टिल्युका. एकाच पेशीचा जीव. पाणी ढवळलं की रात्री चमकतो. सगळा समुद्र उजळतो. मुलं वहीत गोल काढायची, शेपटी काढायची. मीही तेवढंच पाहिलं होतं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच दाराच्या चौकटी मला वाकड्या दिसायला लागल्या. आधी वाटलं सुताराने फसवलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजतोय. त्यावर इंजेक्शनं आहेत, ती चालू आहेत, झिजणं थांबेल असं ते म्हणतात. गेलेलं मात्र परत येणार नाही. ज्याच्याकडे सरळ बघावं त्याच्यावर एक करडा डाग येऊन बसतो. वाचन सुटलं, शिवण सुटली. अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर सांगितलं की देवगडच्या बाजूला एका खाडीत माहीतगार माणसं रात्री छोट्या होड्यांतून समुद्रातले जीव दाखवायला नेतात. दोघांची एक होडी, तिला कयाक म्हणतात. चांदणं नसलं की पाण्यातला उजेडही दिसतो.

मी त्याच दिवशी ठरवलं. यांनी विचारलं, “डोळ्यांचं हे असं, आणि तू रात्री समुद्रात जाणार?”

“डोळ्यांचं हे असं आहे म्हणूनच.”

यांचा गुडघा दुमडत नाही, त्यामुळे कयाकमध्ये बसणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून आक्का. दाजींकडे म्हशी सोपवून त्या आल्या, आणि सांगलीत पोचल्यावर त्यांना कळलं की आपण नेमकं अवसेला पाण्यात उतरणार आहोत.

“आमच्यात अवसेला कुनी हिरीकडंबी जात न्हाई,” त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, “पर हीर आपली. समुद्र काय आपला न्हाई. चल.”

घाटाखाली

गगनबावड्याचा घाट उतरला की हवाच बदलते. वर आम्ही शाली लपेटल्या होत्या. खाली उतरेपर्यंत आक्कांनी शालीची घडी घालून तिची उशी केली. उसाचे ट्रॅक्टर संपले, लाल माती सुरू झाली. “माती भाजल्यावानी दिसतीया,” आक्का म्हणाल्या. रंग मला अजून चांगले कळतात, आणि तो लाल रंग खिडकीच्या कडेने किती वेळ धावत राहिला.

खाडीकाठी आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी अंगणातूनच हाक दिली, “येवा, येवा. दमलात मां?” आक्कांना ते ‘ना’ऐवजीचं ‘मां’ फार आवडलं. दोन दिवस त्या प्रत्येक वाक्याला ‘मां’ लावून बघत होत्या आणि ते दर वेळी चुकीच्या जागी पडत होतं.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात होता. आक्का मटण खाणाऱ्या. काट्यांशी त्यांची ओळख नव्हती. पहिला घास तोंडात फिरवत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं असावं की मला न बघताही ते कळलं.

“हे खायाचं का शिवायचं?”

काकू हसत त्यांच्या शेजारी बसल्या आणि काटा सोडवायचा कसा ते दाखवलं. सोलकढी आली तेव्हा आक्कांनी विचारलं, “ताक लाल कशापायी?” आणि मग तीन वाट्या प्यायल्या. फक्त भात खाऊन आपलं पोट भरत नाही हे त्यांनी लगेच सांगून टाकलं. पिशवीतून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. काकूंनी चटणी बोटावर घेऊन चाखली, मग ताटात घेतली, मग शेजारणीला बोलावून तिला दिली. संध्याकाळी आमच्यासाठी तांदळाच्या भाकरी झाल्या. पांढऱ्याशुभ्र, पातळ. आक्का म्हणाल्या की ही भाकरी आजारी माणसाची वाटते, पण चार खाल्ल्या.

आम्हाला नेणारी बाई, दर्शना, चारच्या सुमारास आली. तिशी ओलांडलेली, आवाज मोकळा. तिचे वडील आणि काका मासेमारी करतात. ती आणि तिचा भाऊ या फेऱ्या चालवतात. तिने आल्या आल्या सांगितलं, “आज नाही जमणार. वारा आहे. उद्या पडेल. अमावास्या उद्याही आहे.”

मी खट्टू झाले. तिला ते दिसलं असावं. म्हणाली, “ओहोटी चांगली आहे. खडकांवर येता? तिथेही पुष्कळ आहे.”

खडकांवर

मी ठरवलं होतं की डोळ्यांचं काही बोलायचं नाही. बोलले असते तर तिने नेलं नसतं, अशी मला भीती होती. चालताना मी आक्कांचा दंड धरला होता, पण आमच्या वयाच्या दोन बायका एकमेकींचा दंड धरून चालतात यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ओहोटीने उघडे पडलेले काळे खडक, त्यांच्यात पाणी साठलेली डबकी. दर्शना एका डबक्यापाशी बसली. “हे बघा मॅडम, इथे, माझ्या बोटासमोर.”

मी तिच्या बोटासमोर बघितलं. डाग.

“वा,” मी म्हटलं.

“काय वा?” आक्का म्हणाल्या. “तिला न्हाई दिसत ते. दर्शना, हिचं डोळं अधू झाल्यात. समोरचं दिसत न्हाई.”

मला इतका राग आला की मी त्यांचा दंड सोडला. दर्शना डबक्यापासून उठून उभी राहिली. 

“मला आधी सांगायला हवं होतंत,” ती म्हणाली. रागावून नाही, पण स्पष्ट.

“सांगितलं असतं तर नेलं असतंस?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “उद्या सकाळी खाडीत या. उजेडात बसून बघू. तिथे जमलं तर रात्री नेईन. नाही जमलं तर नाही नेणार. चालेल?”

चालेल म्हणण्यावाचून माझ्या हातात काही नव्हतं. आक्का मात्र तोवर डबक्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. “माधवी, हितं झेंडूचं फूल बुडालंय. पर ते आपलं आपन हालतंय.”

“कडेला बोटांसारखं काही आहे?”

“हाय की. लय बोटं हायत.”

“बोट लावा त्याला. हळूच.”

“आगं, धरलं मला!” त्या किंचाळल्या, आणि मग हसायला लागल्या. “चिकाटलं. आता मिटलं बग.”

समुद्रफूल. प्रयोगशाळेतल्या बरणीत ते कायम मिटलेलंच असायचं, तपकिरी गाठीसारखं. मी हात पुढे केला. आक्कांनी माझं मनगट धरून बोट बरोबर दुसऱ्या एका फुलावर नेलं. आणि त्याने माझं बोट धरलं. अगदी हलकेच, ओल्या जिभेने धरावं तसं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की याच्या बोटांवर डंख मारणाऱ्या पेशी असतात. त्या पेशी आज माझ्या बोटाला चिकटल्या होत्या.

मग तो खेळच झाला. आक्का बघायच्या, मी विचारायचे. पाय किती? चालतंय पुढे का तिरकं? अंगावर कवच त्याचं स्वतःचं आहे का उसनं? दर्शना शेवटी म्हणायची, बरोबर. किंवा, नाही मॅडम, हा दुसरा आहे, आमच्याकडे याला असं म्हणतात. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. परत येताना मी पुन्हा आक्कांचा दंड धरला. राग गेला होता असं नाही, पण खडक निसरडे होते.

सकाळी, खाडीत

वारा पडला होता. आक्कांनी पॅन्ट घालायला साफ नकार दिला आणि नऊवारीसारखा काष्टा मारून आल्या. जीवरक्षक जाकिटाचा पट्टा काही केल्या बसेना. दर्शनाच्या भावाने त्याचं जाकीट काढून दिलं.

मी पुढे, आक्का मागे. मागच्या माणसाने होडीला दिशा द्यायची. आक्कांनी वल्हं फावड्यासारखं धरलं आणि उसाला पाणी देताना बांध फोडावा तसं पाणी एकाच बाजूने उपसायला सुरुवात केली. होडी जागच्या जागी गरगर फिरली. दोनदा फिरली. तिसऱ्या वेळी आम्ही खारफुटीच्या झाडीत घुसलो आणि एक बगळा ओरडत उडाला.

“डावं, उजवं, डावं,” मी म्हणत होते.

“मला शिकवू नगंस. शिकवायची सवय काय जात न्हाई तुझी.”

दर्शनाने आमच्या जागा बदलल्या. मागे बसल्यावर मला खाडीचे दोन्ही काठ जाणवायला लागले. सरळ समोर काही नव्हतं, पण डाव्या डोळ्याच्या कडेला हिरवी झाडी होती आणि उजव्या कडेला वाळूचा पट्टा. त्या दोहोंच्या मधोमध राहायचं. पुढून आक्का ओरडायच्या, “खांब आला, खांब!” आणि मी वळवायचे. होडी सरळ गेली. आम्ही पुलापर्यंत जाऊन परत आलो.

दर्शना तिच्या एकटीच्या कयाकमधून बाजूने येत होती. म्हणाली, “रात्री मी तुमच्या अगदी शेजारी असेन. आणि एक दोरी बांधू.”

“म्हणजे नेणार?”

“नेणार. पण या आजींनी मध्येच उभं राहायचं नाही.”

“आजी कुनाला म्हनतीस गं?” आक्का म्हणाल्या.

अवस

दिवेलागणीनंतर आम्ही पाण्यात उतरलो. आमच्याबरोबर पुण्याचं एक तरुण जोडपं होतं. त्यांच्याबरोबर दर्शनाचा भाऊ. खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या आडोशाला, पाणी इतकं शांत होतं की वल्ह्यावरून गळणारे थेंब मोजता आले असते.

आधी दर्शनाने विजेरीचा झोत पाण्यात सोडला. आक्का पुढून धावतं वर्णन करत होत्या.

“तळ दिसतोय. वाळू. लाल लाल मनी चमाकत्यात, जोडीजोडीनं.”

“कोळंबीचे डोळे.”

“आता काळं धोतार वाळत घातल्यावानी कायतरी. वाऱ्यानं हालतंय. मागं शेपूट हाय.”

“पाकट!” मी ओरडले. “शेपटीत विषारी काटा असतो, हात घालू नका!”

“कोन घालतंय!”

मग दगडाच्या कपारीत एक गाठोडं. गाठोडं सरकलं. गाठोडं दगडाच्या रंगाचं झालं. “आत्ता हुतं की गं. गेलं कुठं?” आक्का म्हणाल्या. मला हसू आवरेना. “तिथंच आहे, आक्का. ऑक्टोपस आहे तो. तुमच्याकडेच बघत असेल.”

“बरोबर,” दर्शना म्हणाली. “बघतोय.”

आणि मग तिने विजेरी बंद केली. सगळे दिवे बंद. “आता हात पाण्यात घाला आणि हलवा,” ती म्हणाली.

थोड्याच वेळात पुण्याच्या मुलीचा आवाज आला, अगदी लहान मुलीसारखा. “अरे देवा! बघ ना, बघ ना!” मग तिच्या नवऱ्याचा. मग आक्कांचा. आक्का ओरडल्या नाहीत. नुसतं “आगं बया” म्हणाल्या, खालच्या आवाजात, देवळात म्हणावं तसं.

मी हात घातला. हलवला. पाणी कोमट होतं. दिसत काहीच नव्हतं. काळोख होता आणि काळोखाच्या मधोमध तो डाग होता, अंधारातही करडा. मी डोळे फाडून बघितलं. मान खाली घालून, पाण्याला नाक लागेपर्यंत बघितलं. काही नाही.

“दिसतंय का?” आक्कांनी विचारलं.

“नाही.”

“ऊस पेटवल्यावर ठिनग्या उडत्यात की न्हाई, तसं हाय बग. पर गार.”

त्या सांगत राहिल्या आणि मला पहिल्यांदाच त्यांचं सांगणं ऐकवेना. बरणीतलं समुद्रफूल, फळ्यावरचा गोल, आणि आता हे ऐकून घेतलेलं. मी म्हटलं, “दर्शना, परत जाऊ. बाकीच्यांचा खोळंबा नको.”

ती जवळ आली. तिची होडी आमच्या होडीला हलकेच टेकल्याचं जाणवलं. “माझ्या आत्येचं असंच होतं,” ती म्हणाली. “तिला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. आपण विजेरी आत्ताच बंद केली. भाऊ त्यांना घेऊन जाईल. आपण थांबू. मोबाईल कुणी काढायचा नाही.”

ती दोघं गेली. त्यांच्या वल्ह्यांचा आवाज लांब गेला आणि मग फक्त पाणी खडकांना लागल्याचा आवाज राहिला.

आम्ही तिघी अंधारात बसून राहिलो.  मग आक्का म्हणाल्या, “खरं सांग माधवी. किती दिसतंय तुला?”

घरी कुणी असं विचारलं नव्हतं. यांना विचारायची भीती वाटत असावी. मुलगा फोनवर “बरं आहे ना?” विचारतो आणि मी “बरं आहे” म्हणते.

“वाचता येत नाही,” मी म्हटलं. “घड्याळ कळत नाही. तांदूळ निवडता येत नाही. कुणी समोर आलं की आवाजावरून ओळखते.”

“आन् मी?”

“तुम्ही भरपूर ऐकू येता.”

त्या हसल्या. मग त्यांनी मागे हात केला असावा, कारण माझ्या गुडघ्यावर ओला तळवा येऊन पडला. “भ्याव वाटतं का?”

“हो,” मी म्हटलं. “फार.”

त्यांनी समजूत घातली नाही. तळवा तिथेच राहू दिला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाय अवघडले होते. दर्शना शेजारी काहीतरी गुणगुणत होती. शेवटी मी तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, आता पुरे म्हणून सांगायला.

आणि उलट्या बाजूला, डाव्या डोळ्याच्या अगदी टोकाला, काहीतरी फिकट हललं.

मी झटकन तिकडे वळले. काही नाही. डाग.

पुन्हा दर्शनाकडे मान केली. पुन्हा ते आलं. आक्कांचं वल्हं पाण्यात नुसतं लोंबत होतं, आणि त्याच्या पात्याभोवती पाणी उजळत होतं.

“आक्का,” मी म्हटलं, “वल्हं हलवा.”

त्यांनी हलवलं. उजेडाचा एक पट्टा उठला, पसरला, विरला. सगळे म्हणतात तो निळा असतो. मला निळा दिसला नाही. मला दिसला तो दुधाच्या सायीसारखा. मी पलीकडच्या काळ्या डोंगराकडे बघत माझा हात पाण्यात घातला, आणि कडेला माझी पाचही बोटं दिसली. एकेक. बोटांमधून उजेड गळत होता.

“दिसलं?” आक्का विचारत होत्या. “दिसलं का गं?”

 मी हात हलवत राहिले. मग खालून मासे गेले, बोयींचा थवा असं दर्शना म्हणाली, आणि होडीच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा सुटल्या, दोन्ही डोळ्यांच्या दोन्ही कडांना. मधोमध डाग होता. असू दे. त्या रेघा त्याच्या भोवतीने जात होत्या.

मी रडत होते आणि रडता रडता मी आक्कांना सांगायला लागले की हा एकाच पेशीचा जीव, याला ना डोळा ना मेंदू, याला धक्का लागला की याच्या आत दोन द्रव्यं एकत्र येतात.

“शिकव, शिकव,” आक्का म्हणाल्या. “आज कुनी झोपत न्हाई.”

सांगली

परतीच्या एसटीत आक्का झोपल्या आणि मी खिडकीपाशी बसून एक प्रयोग करत राहिले. झाडाकडे बघायचं असेल तर झाडाच्या शेजारच्या आभाळाकडे बघायचं. झाड कडेने येतं. अक्षरं येत नाहीत, पानं मोजता येत नाहीत, पण झाड येतं. घाट चढताना मला एक धबधब्याची सुकलेली जागा दिसली, दगडांवर बसलेली माकडं दिसली, एका वळणावर कुणीतरी टाकलेली चहाची टपरी दिसली. मान अशी वाकडी करून बसलेली बाई बघून कंडक्टरने विचारलं, “काय झालं, मान धरली का काकू?”

सांगलीच्या स्टँडवर हे घ्यायला आले होते. पाय ओढत चालण्याचा आवाज मी लांबूनच ओळखला. आक्का पिशव्या उतरवता उतरवता त्यांना पाकट, ऑक्टोपस, लाल ताक सगळं एकदमच सांगायला लागल्या. ते हूं हूं करत होते, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.

“तुला दिसलं का?” त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या खांद्यापलीकडे, फलाटाच्या खांबाकडे बघत उभी राहिले. त्यांनी दोन दिवस दाढी केली नव्हती. खुंट सगळे पांढरे. डोळ्यांखाली सूज होती, झोप झाली नसावी. आणि कपाळावर ती आठी, जी लग्नाच्या फोटोतही आहे.

“अगं, तिकडं कुठं बघतेयस?” ते घाबरून म्हणाले.

“तुमच्याकडेच बघतेय,” मी म्हटलं.